वाचकांचे प्रश्न : पुतळा हलवताना

प्रश्न : ब्राँझचा साडेचार मीटर उंच पुतळा नव्या चौकात न्यायचा आहे. जुन्या कागदांत वजन अडीच टन आहे. पाच टनांची क्रेन पुरेल का?

उत्तर : आधी ते वजन पडताळा. ६ मिमी जाडीचे ओतीव ब्राँझ चौरस मीटरला सुमारे ५२ किलो भरते. पृष्ठभाग ३० चौरस मीटर धरला तर दीड टनाहून थोडे जास्त, शिवाय आतला लोखंडी सांगाडा. पण दगा होतो तो पायांत ओतलेल्या काँक्रीटमुळे. ते घनमीटरला २.४ टन असते आणि बहुतेकदा कागदावर येतच नाही. ठोकून पाहा, आवाज बद्द आला तर आत भराव आहे.

शिवाय क्रेनची ‘पाच टन’ ही क्षमता बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असतानाची. बूम जितका लांब, तितकी ती झपाट्याने घटते. म्हणून क्रेन कुठे उभी राहणार ते मोजून त्या अंतराचा आकडा क्रेनच्या तक्त्यात पाहा. पुतळा ज्यांनी उचलायचा त्या पट्ट्यांचा कोनही तितकाच महत्त्वाचा. अडीच टनांचा भार दोन पट्ट्यांवर, जमिनीशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकावर सुमारे १.४५ टन ताण येतो. ३० अंशांत तोच अडीच टन होतो. हात, तलवार, शेला यांना पट्टा कधीही लावू नका. सांगाड्याला जोडलेली उचलकडी नसेल, तर तळाला पोलादी चौकट बसवून तिच्यावरून उचला आणि वरच्या भागाला फक्त तोल सांभाळणारे पट्टे द्या.

जुने बोल्ट गंजून फुगलेले असतात. ते पूर्ण कापल्याशिवाय क्रेनने ओढलेत तर घोटे तडकतात. सर्वांत नाजूक भाग तोच. आधी दोन-तीन सेंटिमीटर उचलून थांबा, क्रेनवरचा वजनाचा आकडा वाचा, पुतळा कलतो का ते पाहा, मगच पुढे.

प्रश्न : नव्या चौथऱ्यावर बोल्ट जुळतील याची खात्री कशी करावी?

उत्तर : पुतळा खाली उतरवल्यावर तळाच्या छिद्रांचा प्लायवूडचा साचा काढा आणि त्यावरूनच चौथऱ्यात छिद्रे पाडा. नकाशावरून नको, ओतकामात छिद्रे सरकलेली असतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे लोखंड ब्राँझला टेकले की ओल्यात तेच आधी गंजते. काँक्रीटला २८ दिवस द्या. तळाखाली न आकसणारे ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा पातळ गिलावा) भरताना पाणी निघायची भोके बुजवू नका, नाहीतर आतला लोखंडी सांगाडा सडेल.