गच्चीवरच्या कुंडीतला लिंबाएवढा, आठ धारांचा, बिनकाट्यांचा गोल निवडुंग कोणता? बेळगावच्या पावसात तो कसा जगवायचा?

तुमचं रोप बहुतेक अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियास असावं. तसं नसेल तर युफोर्बिया ओबेसा. दोन्हींना साधारण आठ धारा असतात, म्हणून नुसत्या धारा मोजून उपयोग नाही. भिंग घेऊन धारेच्या मधोमध बघा. पांढऱ्या लोकरीचे गोल ठिपके एका ओळीत आणि अंगभर बारीक पांढरे कण दिसले, तर अॅस्टेरियास, म्हणजे टेक्सास-मेक्सिकोकडचं खरं कॅक्टस. लोकर नाही, धारेवर टाके घातल्यासारखे उंचवटे आणि अंगावर आडवे जांभळट पट्टे असतील, तर दक्षिण आफ्रिकेतला ओबेसा, आपल्या बांधावरच्या शेराचा भाऊबंद. त्याला टोचून बघू नका, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

मी दोन्ही वाढवतो, आणि दोन्ही मरतात ते कुजून. काळी माती अजिबात नको. एक भाग तांबडी माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्या, कुंडी भोकाची. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवा; झडीत पाणी जवळजवळ बंदच. उन्हाळ्यात माती तळापर्यंत सुकल्यावरच भरपूर पाणी द्या, दुपारी थोडी सावली.

हे बेळगाव-खानापूरच्या पावसाचं झालं. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे पावसाळ्यातही अधूनमधून पाणी द्यावं लागेल.