शशिकलाताई काकोडकर केवळ भाऊसाहेबांची मुलगी म्हणून गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या का?

झाल्या की! ऑगस्ट 1973 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले नसते, तर ताई तेव्हा मुख्यमंत्री झाल्या नसत्या. यात लपवण्यासारखं काय आहे? 1967 पासून आमदार, 1972 मध्ये वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री. पण आणीबाणीनंतर, 1977 मध्ये, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, पुन्हा सत्तेवर आला तो ताईंच्या नेतृत्वाखाली. तेव्हा भाऊसाहेब कुठे होते?

माझा मामा मात्र शेवटपर्यंत एकच म्हणायचा, ‘बापाची पुण्याई!’ म्हणून हे लिहितोय.

आमचं घर डिचोली तालुक्यात, दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत. भिंती मातीच्या. बाबांनी एकदा हौसेने गाडीभर चिरे आणले. दुसऱ्या दिवशी भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुकादम हजर. छत्रीच्या टोकाने भिंतीतली माती उकरत म्हणाला, ‘एवढ्यात राहतां न्हय? मग चिरे कशाक?’ पक्कं घर बांधलं की माणूस हलत नाही, हे त्याला कळत होतं. चिरे फणसाखाली पडून राहिले, त्यांच्यावर शेवाळ चढलं. आजी रात्री माडांची राखण करायची आणि पडलेला नारळ आपल्या घरात न नेता नारळ पाडणारा पाडेली यायचा त्या दिवशी मोजून द्यायची. भाटकाराकडे कार्य असलं की चार दिवस तिकडेच, फुकट.

भाऊसाहेबांच्या 1964 च्या कूळ कायद्याने शेत कसणाऱ्याला आधार दिला, पण आमच्याकडे शेतच नव्हतं. आमचा प्रश्न घराचा. त्यावरचा मुंडकार कायदा, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचा, 1975 चा, ताईंच्या सरकारचा. खाणमालकाच्या मुलीने भाटकारांना दुखावून केलेला, हेही मामाला सांगून झालं होतं.

बाबांनी मुंडकार म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. घरपट्टी भाटकाराच्या नावावर, त्यामुळे आमच्याकडे पुरावा म्हणजे मतदारयादी आणि शेजाऱ्यांच्या जबान्या. पगारी नोकर म्हणून राहणारा मुंडकार ठरत नाही, ही कायद्यातली मेख भाटकाराच्या वकिलाला ठाऊक होती. मामलेदारासमोर त्याने आजीला विचारलं, ‘तुम्ही यांच्याकडे कामाला होता ना?’ आजी म्हणाली, ‘होतें. पगार कधी दिलो तें तूंच सांग.’ वकिलाने कागद चाळले. नोंदणी झाली आणि पुढे खरेदीही. शेवाळलेले चिरे बाबांनी घासून घेतले आणि पुढची भिंत त्यांचीच उभी केली.

मामाही मुंडकारच होता, बरं का.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. विद्यार्थ्यांचं बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीचं आंदोलन ताईंच्या सरकारने नीट हाताळलं नाही. कूळ कायद्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती, ‘कसेल त्याची जमीन’वाली, कोर्टात अडकली आणि कुळं ताटकळली. 1979 मध्ये स्वतःचेच आमदार फुटले आणि सरकार पडलं. आमदार सांभाळण्यात बाप सरस होता, हे मान्य. पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, ते मला पटलं नाही. मगोत परतल्या, 1990 मध्ये शिक्षणमंत्री झाल्या आणि सरकारी अनुदान मराठी-कोकणीसारख्या आपल्या भाषांतल्याच प्राथमिक शाळांना, हे धोरण आणलं. उतारवयात त्यासाठी भारतीय भाषा सुरक्षा मंचातही उतरल्या. यावर मतभेद असू शकतात, पण 2016 मध्ये जाईपर्यंत त्यांनी ती भूमिका सोडली नाही.

तुम्ही गोव्यातले असाल आणि घर मुंडकारीचं असेल, तर एक बघा. नोंदणी म्हणजे मालकी नव्हे. खरेदीचा अर्ज वेगळा असतो. गावात घरासकट तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा मिळते. मामाच्या मुलांनी नोंदणीवर भागवलं, खरेदी केलीच नाही. आता भाटकाराचे वारस जमीन विकायला निघालेत, तर मामलेदार कचेरीत त्यांच्यासोबत हेलपाटे मी घालतोय. अर्जावर कायद्याचं नाव आणि साल लिहावं लागतं. तेवढं मी त्यांच्याच हाताने लिहून घेतलं.