‘संकर’च्या उलट काय, ‘शुद्ध’ की ‘देशी’?

ताई, टोमॅटोच्या बियारणाच्या पाकिटावर गुजरातीत ‘संकर’ (म्हणजे हायब्रीड) छापलंय, तर मराठीत त्याच्या उलट ‘शुद्ध’ म्हणायचं की ‘देशी’, आणि संकर म्हणजे भेसळच ना, असं तुम्ही विचारलंय. आपल्या बडोद्यात दुकानदार बियारण म्हणतो, घरात आपण बियाणं म्हणतो, त्यात हा घोळ व्हायचाच.

‘देशी’ बाजूला ठेवा. तो शब्द फक्त वाण कुठला ते सांगतो. संकरच्या उलट शेतकरी म्हणतात ‘सरळ वाण’, म्हणजे बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच येणार. शास्त्रातलं ‘शुद्ध’ पण हेच आहे, एखाद्या गुणाचे आईकडून आणि बापाकडून आलेले दोन्ही जनुक सारखे असले की झाडं त्या गुणाला शुद्ध, मग फळ बेचव का असेना. तुपातलं शुद्ध वेगळं.

आणि हे वरून दिसत नाही बरं का. मेंडेलने 1866 मध्ये छापलेल्या वाटाण्याच्या प्रयोगात शुद्ध उंच आणि शुद्ध बुटका यांचा संकर केला तर पहिली पिढी झाडून सगळी उंच, पण त्यांचंच बी लावल्यावर साधारण तीन उंच एक बुटका, आणि त्या उंचातसुद्धा खरे शुद्ध एक तृतीयांशच, बाकीच्यांच्या पोटात बुटकेपणा लपलेला. दुकानदार ‘हायब्रीडचं बी धरू नका’ म्हणतो ते यासाठी. उगवतं व्यवस्थित, पण एक झाड असं तर दुसरं तसं.

भेसळ म्हणाल तर काम अगदी उलटं आहे. पाकिटातली सगळी झाडं एकसारखी यायला हवी असतील तर आईबाप आधी शुद्ध करून घ्यावे लागतात. आपल्या जवळचंच उदाहरण, सुरतेला कृषिशास्त्रज्ञ सी. टी. पटेलांनी काढलेला कापसाचा संकर-4, 1970 चा, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. ‘गुजरात 67’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ या दोन वाणांचा संकर. त्याचं बी तयार करायचं तर संध्याकाळी उद्या उमलणारी कळी शोधायची, नखाने सोलून पुंकेसर काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग लावायचे, एकेका फुलाला, हाताने! बियाणं महाग का ते यात आलं. भेसळीला कोण एवढी मेहनत घेतो?

तरी ‘संकर’ शब्द कानाला खटकतो, कारण वर्णसंकर, म्हणजे जातींची सरमिसळ, हा निंदेचा जुना शब्द. महाराष्ट्रात तर हायब्रीड ज्वारी आल्यावर ‘हायब्रीड पिढी’ ही शिवीच झाली, म्हणजे दिसायला मोठी पण दम नसलेली. शास्त्र म्हणतं संकराच्या पहिल्या पिढीत जोम जास्तच असतो. पण लोकांनी चवीवरून नाव ठेवलं, आणि चवीबद्दल माझंही तेच मत आहे.

तेव्हा मराठीत ‘संकरित’ किंवा सरळ ‘हायब्रीड’ लिहा, उलट बाजूला ‘सरळ वाण’. ‘कलमी’ मात्र यात घालू नका. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, नवीन पिढी नव्हेच. आपण ‘शुद्ध केसर’ म्हणून पेटी आणतो त्या आंब्याचे जनुक इतके मिश्र असतात की कोय लावली तर केसर येईल याची खात्री नाही, कलमच करावं लागतं.