अहवालात "वय ३० ते ६०" असं का लिहितात? हाडांच्या तपासणीबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कागलच्या बाजूला ऊसतोड चालू असताना फडात माणसाचा सांगाडा मिळाला. तुमचे ४८ वर्षांचे चुलते पावसाळ्यापासून बेपत्ता आहेत. हाडांच्या अहवालात मात्र एवढंच आहे: पुरुष, वय ३० ते ६०, उंची १५७ ते १७० सेंमी, मृत्यूला ३ महिने ते १ वर्ष, मृत्यूचे कारण सांगता येत नाही. तुमचं म्हणणं असं की इतकं मोघम लिहायला डॉक्टर कशाला हवा, नक्कीच कुणीतरी प्रकरण दाबतंय.

तुमच्या घरात काय चाललं असेल याची कल्पना आहे, तरीही स्पष्ट लिहितो. या अहवालात लपवाछपवी दिसत नाही. कोल्हापुरातच न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि हाडं तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. "वय ४५, मृत्यूला ५ महिने" असं छातीठोक लिहिलेला अहवाल हातात आला की मला जास्त धास्ती वाटते. कारण पोलीस त्या आकड्यात न बसणाऱ्या सगळ्या बेपत्ता माणसांची नावं यादीतून काढून टाकतात, आणि खरा माणूस त्यातच असू शकतो.

"पुरुष" याबद्दल फार शंका घेऊ नका. कमरेचं हाड पूर्ण मिळालं असेल तर प्रौढ माणसाचं लिंग बहुतेक वेळा ठामपणे सांगता येतं. फक्त कवटी असेल तर खात्री कमी होते.

वयाचं वेगळं आहे. मुलाचा सांगाडा असेल तर दातांवरून आणि हाडांची टोकं किती जुळली यावरून वय बरंच नेमकं निघतं. गळ्याजवळचं कॉलरबोनचं आतलं टोक सगळ्यात शेवटी, तिशीच्या आसपास, पूर्ण जुळतं. त्यानंतर वाढ संपते आणि फक्त झीज उरते, आणि झीज प्रत्येकाची निराळी. कमरेची दोन्ही हाडं पुढे जिथे भेटतात त्या सांध्याचा पृष्ठभाग वयासाठी बघतात. त्याच्या सहा अवस्था ठरवणारी, सूची (Suchey) आणि ब्रूक्स या संशोधकांच्या नावाची पद्धत १९९० पासून जगभर वापरली जाते. लॉस एंजेलिसमध्ये शवविच्छेदन झालेल्या, वय माहीत असलेल्या माणसांच्या हाडांवर ती बेतली आहे. तिच्यातल्या पाचव्या अवस्थेतल्या पुरुषांचं सरासरी वय ४५.६, पण त्यातले ९५ टक्के २७ ते ६६ या पट्ट्यात येतात. म्हणजे हाड पाचव्या अवस्थेत आहे हे अगदी बरोबर ओळखलं तरी उत्तर एवढं रुंदच येतं. दात आणि बरगड्यांची टोकं जोडीला घेऊन तुमच्या डॉक्टरांनी ३० ते ६० लिहिलंय, ते समजून उमजूनच.

उंचीचं गणित स्वतः करून बघा. मांडीचं हाड ४३ सेंमी भरलं असं धरू. ट्रॉटर आणि ग्लेसर या संशोधकांचं १९५२ चं एक सूत्र आहे: २.३८ गुणिले ४३, अधिक ६१.४१. उत्तर १६३.७५. पण त्या सूत्राचा प्रमाणदोष, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो त्याचं माप, ३.२७ सेंमी आहे, तो दोन्ही बाजूंना दुप्पट धरला की १५७ ते १७० सेंमी. शिवाय ते सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांवरून काढलेलं. आपल्याकडे बंगाल, उत्तर प्रदेश, पंजाब या भागांसाठी जुने गुणक आहेत, पण कागलचा माणूस त्यातही नेमका बसेलच असं नाही. आणि चुलत्यांची म्हणून तुम्ही सांगताय ती उंची खरंच कुणी मोजली होती का? घरचे लोक अंदाजाने सांगतात, आणि तो बहुधा वरच्या बाजूलाच असतो.

एक इशारा मधेच देतो, कारण आपल्या भागात हे फार ऐकू येतं. हाडं जाड आहेत, स्नायूंच्या जागा खरबरीत आहेत, म्हणून "हा तालमीतला होता" असं कुणी सांगू लागला तर त्यावर विसंबू नका. कष्टाची कामं करणाऱ्या कुणाचीही हाडं तशी होतात.

मृत्यूला किती काळ झाला, हे सगळ्यात अवघड. उघड्यावर, उष्ण दमट हवेत, कुत्री-कोल्ही पोचत असतील तर काही आठवड्यांतही फक्त हाडं उरू शकतात. उलट १९७७ मध्ये अमेरिकेत टेनेसीत एका उकरलेल्या कबरीतलं धड विल्यम बास या नामांकित मानवशास्त्रज्ञाने तपासलं. मांस अजून गुलाबी होतं, म्हणून मृत्यूला वर्षही झालं नसावं असा त्यांचा अंदाज होता. ते निघालं कर्नल विल्यम शाय यांचं, १८६४ मध्ये लढाईत मारले गेलेले. प्रेत औषध भरून लोखंडी शवपेटीत ठेवलेलं होतं, त्यामुळे ११३ वर्षं टिकलं. बास यांनी पुढे टेनेसी विद्यापीठात दान केलेली प्रेतं उघड्यावर ठेवून ती कशी कुजतात याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

तुमच्या प्रकरणात माझा भर हाडांपेक्षा फडावर राहील. शेतमालकाला आणि टोळीच्या मुकादमाला पोलिसांनी हे विचारलंय का बघा: ऊस लागणीचा की खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला)? मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुंध्याला माती चढवणं, कधी झाली? हाडं बांधणीच्या मातीखाली होती की वर? पाचट (उसाची वाळलेली पानं) हाडांच्या खाली होतं की अंगावर? बांधणीच्या मातीवर, सरीत, सांगाडा सलग पडलेला असेल तर माणूस बांधणीनंतर तिथे आला, एवढं जवळजवळ नक्की. मातीत माश्यांच्या कोषांची रिकामी टरफलं मिळाली असतील, हाडांतून उसाची मुळं गेली असतील, तर तीही कामाची. बांधणीची तारीख शेतमालकाला पाठ असते. हाडांचा रंग बघून काढलेल्या अंदाजापेक्षा ती कितीतरी नेमकी. म्हणूनच हाडं पोत्यात भरण्याआधी जागेवर फोटो, मोजमाप आणि माती चाळणं फार गरजेचं असतं. एकदा उचलली की ही माहिती परत मिळत नाही.

"मृत्यूचे कारण सांगता येत नाही" हे वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त खुपलंय. पण साप चावला, विष घेतलं, हृदय बंद पडलं, नाकतोंड दाबलं, यातलं काहीही हाडावर खूण ठेवत नाही. खूण राहते ती हाडाला लागलेल्या माराची. त्यातही मार जिवंतपणीचा, मरतेवेळचा की नंतरचा हे वेगळं करावं लागतं. भरून येऊ लागलेली कड जिवंतपणीची. मरतेवेळी, हाड अजून ओलं असताना, मोडलं की कडा तिरप्या, गुळगुळीत येतात आणि त्यांचा रंग बाकीच्या हाडासारखाच, मातकट झालेला असतो. नंतर वाळलेलं हाड तुटलं की कडा ओबडधोबड आणि आतून फिकट, ताज्या दिसतात. तुम्ही लिहिलंय की नडगीवर "धारदार घाव" आहे आणि तो कुणी विचारातच घेतला नाही. तोडणी कोयत्याने होते, आणि कोयता बुडख्याशी, जमिनीलगत चालतो. घावाच्या आतली बाजू पांढरी असेल तर तो तोडकऱ्याच्या कोयत्याचा असण्याची शक्यता मोठी. बाजूच्या हाडाइतकीच मातकट असेल, तर मात्र त्याबद्दल लेखी विचारा.

आता ओळखीचं. अहवालाचे आकडे चुलत्यांशी जुळतात, पण ते या जिल्ह्यातल्या हजारो पुरुषांशी जुळतील. ओळख पटते ती त्या एकाच माणसाच्या खुणेवरून. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की चार वर्षांपूर्वी गाडीवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! प्रौढपणी मोडलेल्या हाडाची खूण सहसा राहते, आणि जुन्या एक्स-रेशी ती ताडून बघता येते. फिल्म घरात नसेल तर ज्या दवाखान्यात प्लास्टर घातलं तिथे आजच विचारा. प्लेट घातली असेल तर तिच्यावरचा क्रमांकही उपयोगी पडतो. अहवालासोबतच्या हाडांच्या यादीत डाव्या हाताचं रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड) आहे का तेही बघा, कारण हातापायाची लहान हाडं जनावरं आधी नेतात.

दातांचं काही काम झालं असेल तर डॉक्टरांकडची नोंद घ्या. समोरून काढलेला, हसताना दात दिसणारा फोटो शोधा, स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेला नको. कवटीवर फोटो बसवून ताडण्याची पद्धत इंग्लंडमधल्या १९३५ च्या रक्स्टन खून प्रकरणापासून प्रसिद्ध आहे, पण "हा तो नाही" हे ती जितक्या खात्रीने सांगते तितकं "हा तोच" सांगत नाही.

शेवटचा शब्द डीएनएचा. चुलत्यांचे आईवडील किंवा मुलं यांचा नमुना सगळ्यात चांगला, आई-वडिलांपैकी कुणी आणि मुलं दोन्ही मिळाली तर उत्तम. तुमच्या वडिलांचाही चालतो, कारण सख्ख्या भावांचा वाय गुणसूत्राचा वारसा आणि आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए सहसा एकच असतो. चुलतीचा उपयोग फक्त मुलांच्या नमुन्यासोबत होतो, एकटीचा नाही.

ठाण्यात तोंडी बोलून येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात मिसिंगचा नोंद क्रमांक, अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक, मनगटाच्या फ्रॅक्चरची माहिती आणि डीएनए तुलनेची मागणी लिहा. अकस्मात मृत्यूचा तपास १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली होई. आणि अर्जात ठळक लिहा की ओळख पटेपर्यंत दात आणि मांडीचं हाड जपून ठेवावं, बेवारस म्हणून विल्हेवाट लावू नये. हे एक काम उद्या सकाळीच करा, बाकीची कागदपत्रं दोन दिवसांनी दिली तरी चालतील.