सात टाक आणि कपाटातली रेणुका

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि देवघर माझ्याकडे आले. खंडोबा, म्हाळसा, तुळजाभवानी, वीर असे एकूण ७ टाक (पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या प्रतिमा), शिवाय बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि घंटा. सासूबाई सोवळ्यात दीड तास पूजा करीत. मला सात वाजता डोंबिवलीहून लोकल गाठावी लागते. नवरा म्हणतो, ‘एकं सत्’, देव एकच आहे, टाक नदीत सोडू आणि एक समई ठेवू. जाऊबाई म्हणतात, कुळाचार मोडला तर कोप होईल. मला मात्र हे देव खरोखरच वेगवेगळे वाटतात. भवानीशी मी जे बोलते ते खंडोबाशी बोलत नाही. हे मागासलेपण आहे का? आणखी एक सांगते. माहेरच्या रेणुकेचा टाक १४ वर्षे माझ्या साड्यांच्या कपाटात आहे, कारण ‘दुसऱ्या कुळाचा देव इथे नको’ असे सासूबाईंनी सांगितले होते.

उत्तर : तुमचे पत्र वाचून प्रथम तुमच्या यजमानांशी दोन शब्द बोलावेसे वाटले. ते ज्या ऋचेचा आधार घेतात ती ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४व्या सूक्तात आहे, आणि तिची सुरुवात ‘एकं सत्’ने होत नाही, इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी नावे आधी येतात आणि मगच ते एक असल्याचे सांगितले जाते. नावे गाळून उरलेले वाक्य तेवढे जवळ ठेवायचे, असे त्या ऋषीने सुचवलेले नाही. गोंधळी संबळावर हात टाकून देवांना बोलावतो तेव्हाही तो तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडेरायाला, कोल्हापूरच्या अंबाबाईला ज्याच्या-त्याच्या गावाच्या नावाने निमंत्रण देतो, कारण लग्नघरात ज्याला त्याला नावानिशी बोलवावे लागते, ‘सगळे या’ म्हणून भागत नाही. तुम्ही भवानीशी एक आणि खंडोबाशी दुसरे बोलता, यात मागासलेपण कसले? आपण आईशी जे बोलतो ते सासऱ्यांशी बोलत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता वेळेचे पाहू. सासूबाईंची पूजा १६ उपचारांची असावी, परंतु गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य अशी ५ उपचारांची पूजाही पूर्वापार मान्य आहे, तेव्हा ती तुम्ही काढलेली पळवाट ठरत नाही. सोळा उपचारांच्या पूजेतसुद्धा दागिना नसेल तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून चार तांदूळ वाहतात आणि देव ते दागिना म्हणून स्वीकारतो, असे गुरुजी आपल्याला निःशंकपणे सांगतात. नाही त्याच्या जागी अक्षता, ही सोय ज्यांनी करून ठेवली त्यांना लोकलची घाई नसली तरी संसाराची ओढाताण ठाऊक होती. रोज दिवा, गंध, फूल आणि डब्यासाठी केलेल्या पोळीवर साखर ठेवून दाखवलेला नैवेद्य एवढे करा, आणि टाक ताम्हनात घेऊन अंघोळ घालण्याचे काम रविवारी ठेवा. महिन्यातील ‘त्या’ चार दिवसांत दिवा कोणी लावायचा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेल म्हणून सांगते : तुम्हाला लावावासा वाटला तर तुम्ही लावा, आणि नको वाटला तर घरात दुसरी दोन माणसे आहेत.

जाऊबाईंच्या भीतीला मी हसणार नाही, कारण ती बहुधा त्यांच्याही सासूबाईंकडून आलेली आहे. मात्र ज्याच्या कोपाची भीती घातली जाते तो देव कसा आहे, हे त्यांनाच आठवून पाहायला सांगा. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईसाठी हा देव धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला आणि त्याने मेंढरे राखली, आणि पुढे दोघी सवतींची भांडणे वाघ्या-मुरळींच्या गाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या रंगली. घरात एवढे सोसलेला खंडोबा तुमचा चुकलेला रविवार वहीत मांडून ठेवील, असे मला वाटत नाही. कुळाचार मोडू नये हे जाऊबाईंचे म्हणणे योग्य आहे. तो कोपाच्या धाकाने पाळावा, हे नाही.

टाक नदीत सोडू नका. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करतात. चांगल्या टाकांचे, तेही घरातील एका माणसाला ते पटेनासे झाले म्हणून, कशासाठी करायचे? यजमानांकडून श्रद्धेचा कबुलीजबाब मात्र मागू नका, तो या धर्मात कोणी कोणाकडे मागत नाही. त्यांच्याकडून काम मागा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर तळी भरायची असते, आणि विड्याची पाने, सुपारी, खोबरे व भंडारा ठेवलेले ते ताम्हन एकट्याने उचलता येत नाही, पाच जणांचे हात लागतात. दीर, जाऊबाई, मुले सगळ्यांना बोलवा. ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ताम्हन ३ वेळा वर जाईल तेव्हा, लहानपणापासून ती आरोळी ऐकलेल्या तुमच्या यजमानांचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला तर त्यांना एकं सत्‌ची आठवण करून देऊ नका. पुढे सवड काढून टाक जेजुरीला देवभेटीसाठी नेता आले तर तेही करा, आणि त्या वेळी पिशवी यजमानांच्या खांद्याला द्या.

राहिली रेणुका. सासूबाई आज उत्तर द्यायला नाहीत, म्हणून त्यांना दोष देणे मला जड जाते; तरीही या बाबतीत त्या चुकल्या. तुमच्या देवघरातील अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण कुठून आले? आपल्याकडे मुलगी लग्नात गौरीहर पुजून ते माहेराहून आणते, म्हणजे तुमच्या सासूबाईंसोबत त्यांच्या माहेरचे देव त्या घरात आलेच होते आणि त्या दोघांना कोणी परके म्हटले नाही. माहूरच्या रेणुकेला मग कपाट का? येत्या शुक्रवारी तिला बाहेर काढा. १४ वर्षांत टाक काळा पडला असेल, पण तो घासू नका, कारण पातळ पत्र्यावर उठवलेले नाक-डोळे घासून झिजतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ सुती कापडाने टिपा, हळद-कुंकू लावा आणि भवानीच्या शेजारी जागा करून द्या. वीराचा टाक थोडा सरकवावा लागेल.