मुंबईतल्या आवाजाचा नियम बदलून घ्यायचा असेल तर निवेदनात काय मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अंधेरीत राहता, समोर रिडेव्हलपमेंटचं काम, मागे मंडळाचा मंडप. सोसायटीच्या ऐंशी-नव्वद सह्या घेऊन महापालिकेला निवेदन द्यायचंय की शहराचा ध्वनिप्रदूषणाचा नियम बदला, रात्रीची मर्यादा आणखी खाली आणा. याचा उपयोग होईल का?

सह्या जरूर गोळा करा. पण आत्ता लिहिलंय तसं निवेदन नेलंत तर वॉर्ड ऑफिसात पोच मिळेल आणि फाइल तिथेच राहील, कारण पत्ता चुकलाय. आणि माझ्या मते मागणीसुद्धा चुकली आहे.

मी पोटापाण्यासाठी आवाजच मोजतो. पर्यावरणाच्या चाचण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये सतरा वर्षं आहे. बांधकामाच्या साइट, कारखाने, जनरेटर, हॉस्पिटलांचे आवार, सगळीकडे ट्रायपॉड आणि मीटर घेऊन उभा राहिलोय. राहायला लालबागला, चाळीत. त्यामुळे आवाज ऑफिसातही आणि घरीही.

आधी पत्त्याचं सांगतो. मुंबईचा स्वतःचा असा आवाजाचा कायदा नाही. जो आहे तो केंद्राचा, ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे महापालिका बदलू शकत नाही आणि राज्य सरकारही नाही. ते दिल्लीतल्या पर्यावरण मंत्रालयाच्या हातात आहेत.

आता मागणीचं. रात्रीचे ४५ तुम्हाला ४० करून हवेत. ४५ हा आकडा मुळात चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांतही रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी रात्रीची शिफारस ४५ चीच आहे. मुंबईत रात्री एकच्या सुमारास बंद गल्लीत, आतल्या बाजूच्या खिडकीशी मीटर लावला तरी ४५ च्या खाली आकडा क्वचित दिसतो. जो आकडा आज पाळला जात नाही तो आणखी खाली नेल्याने तुमची झोप परत येणार नाही. मला विचाराल तर आकडे आहेत तसे राहू द्यावेत आणि आवाज काय मोजायचा, कुठे मोजायचा, कुणी मोजायचा हे बदलून घ्यावं.

काय मोजायचं, इथे जरा थांबतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. नियमातला डेसिबल म्हणजे 'ए' पद्धतीचा डेसिबल. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मीटर ते सूर आकड्यातून वजा करतो. ६३ हर्ट्‌झला म्हणजे डीजेच्या बेसच्या पट्टीत ही वजावट २६ डेसिबलची असते. पण भिंत काही कान नाही. बेस खिडकी बंद केली तरी आत येतो आणि छातीत जाणवतो.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर साऊंड लागला होता. आई अंथरुणाला खिळलेली, हृदयाचा त्रास. रात्री पावणेदहाला तिच्या खोलीतल्या शोकेसमधल्या कपबश्या एकमेकींवर वाजत होत्या, बारीक टिकटिक, एकसारखी. आई म्हणाली, "अरे, ते कप तरी खाली काढून ठेव." मी कप काढले आणि मीटरही काढला. खिडकीत 'ए' वर ७१. बटण दाबून 'सी' पद्धतीवर नेला, ज्यात बेस जवळजवळ वजा होत नाही, तर ९२. एकवीस डेसिबलचा फरक. कागदावर जाणार फक्त ७१. कपबश्या वाजवणारा आवाज त्या कागदावर कुठेच दिसला नसता.

खाली गेलो. मंडळाच्या पोरांना लहानपणापासून ओळखतो. सेक्रेटरी म्हणाला, "दादा, तुम्ही आपले असून मीटर घेऊन आलात?" त्याला म्हटलं, बंद करायला सांगत नाही, फक्त दोन गोष्टी कर. चारही बेस चाळीच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, ते मैदानाच्या मध्याकडे ओढून घे, कारण भिंतीला आणि कोपऱ्याला लावलेला बेस वाढतो. आणि मिक्सरवर लो थोडा खाली घे. साऊंडवाल्याने कुरकुर केली, पण केलं. वर येऊन मोजलं, 'सी' वर ८३. कपबश्या थांबल्या होत्या. खाली गरबा खेळणाऱ्यांपैकी कुणाला काही बदललंय हे कळलंसुद्धा नाही.

म्हणून माझी पहिली मागणी हीच असेल: लाऊडस्पीकरच्या तक्रारीत 'ए' बरोबर 'सी' चं मोजमापही नोंदवावं. चांगल्या मीटरमध्ये ती सोय असते, वेगळा खर्च नाही.

दुसरा घोळ सरासरीचा. नियमातला रात्रीचा आकडा म्हणजे पूर्ण रात्रीच्या आवाजाची ऊर्जेनुसार काढलेली सरासरी. समजा तुमच्या गल्लीत रात्रभर ४० आहे आणि तीन वाजता समोरच्या साइटवर आलेल्या ट्रकने दोन सेकंद ८० चा हॉर्न दिला. आठ तासांची सरासरी येते साधारण ४२. नियम पाळला गेला आणि घरातलं लहान मूल रडत उठलं. तेव्हा रात्रीसाठी सरासरीबरोबर एकेका आवाजाची कमाल मर्यादाही हवी. केंद्राकडे काही मागायचंच असेल तर हे दोन मुद्दे मागा.

बाकी बरंच काही इथेच, मुंबईत होण्यासारखं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, तुमची इमारत कोणत्या क्षेत्रात मोडते? खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, मागे गॅरेज, अशी अर्धी मुंबई आहे. नियमांच्या परिशिष्टातच टीप आहे की संमिश्र भाग चारपैकी कोणत्या गटात धरायचा ते सक्षम प्राधिकाऱ्याने जाहीर करावं. क्षेत्रांची वर्गवारी राज्याने करायची आहे. आवाज करणारा म्हणतो हा व्यापारी भाग, तक्रारदार म्हणतो निवासी, आणि दोन्हींत रात्री १० डेसिबलचा फरक पडतो. ऊर्जेच्या हिशोबात १० डेसिबल म्हणजे दहापट. माझ्या अहवालांवर सगळ्यात जास्त वाद याच एका रकान्यावरून झाले आहेत. जिथे माणसं झोपतात तो भाग रात्रीपुरता निवासी धरावा, ही मागणी राज्याच्या पर्यावरण विभागाकडे करा. दिल्लीला जायची गरज नाही.

शांतता क्षेत्रांचंही तसंच. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियमात एक वाक्य घातलं की राज्याने अधिसूचना काढल्याशिवाय ते क्षेत्र शांतता क्षेत्र नाही. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला त्या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली. नियम बदलून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. चारही आकडे जसेच्या तसे राहिले आणि एका वाक्याने रुग्णालयांभोवतीचं संरक्षण गेलं. तुमच्या परिसरातलं प्रसूतिगृह किंवा शाळा अधिसूचनेत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारून घ्या. नसेल तर ते घालून घेण्याची मागणी निवेदनात हवी.

रिडेव्हलपमेंटबद्दल तुम्ही लिहिलंयत, त्यावर तर महापालिकेचा थेट हात आहे, कारण बांधकामाची परवानगी तीच देते. आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री चालवायची नाहीत, हे २०१० च्या दुरुस्तीने नियमात आलेलंच आहे. २०१७ साली कफ परेडच्या एका रहिवाशाच्या याचिकेवर मेट्रो-३ चं रात्रीचं काम उच्च न्यायालयाने थांबवलं होतं. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली, पण त्या दरम्यान भुयाराचं काम करणाऱ्या यंत्रणेला आवाजाचं उत्तर द्यावं लागलं. वॉर्ड ऑफिसला हे मागा: परवानगीच्या अटींत ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) आणि पायलिंग (पायाचे खांब जमिनीत घालणं) यांच्या वेळा लिहा, त्या साइटच्या फाटकावरच्या फलकावर लावायला लावा, आणि तक्रारीसाठी साइटवरच्या माणसाचा नंबर तिथेच द्या. मीटर न वापरता तपासता येईल अशी अट टिकते. दुपारी एक ते चार ब्रेकर बंद, हे कुणालाही घड्याळ बघून कळतं.

आता कुणी मोजायचं. आमच्याच भागातला नाही, दुसरीकडचा अनुभव सांगतो. एका नातेवाइकांकडे होतो, रात्रीचा सव्वा वाजलेला, समोरच्या हॉलवर लग्नाचा डीजे. ११२ ला फोन केला. शिपाई आले, सभ्य माणूस, म्हणाले, मीटर ठाण्यात नाही, मोजल्याशिवाय लिहू काय? मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण मोजायची गरजच नव्हती. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायलाच बंदी आहे. नियम ७ मध्ये दिवसाच्या तक्रारीसाठी १० डेसिबलने मर्यादा ओलांडलेली असावी लागते, पण रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर तेवढंच पुरे. त्यांना मोबाइलवर नियम उघडून दाखवला. वाचला, आत गेले, आणि पाच मिनिटांत डीजे बंद झाला. ऑगस्ट २०१६ च्या निकालात उच्च न्यायालयाने पोलिसांना मीटर पुरवण्याचे आणि शहरांचे आवाजाचे नकाशे करण्याचे आदेश दिले, ते योग्यच होते. पण मीटर आला तरी तो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी वापरण्याआधी कॅलिब्रेटर (ठरलेला ९४ डेसिबलचा सूर काढणारं छोटं यंत्र) लावून मीटर ९४ च दाखवतो का ते बघावं लागतं. हे न केलेला आकडा समोरच्याचा वकील पहिल्या तारखेला उडवतो. तुमच्या पोलीस ठाण्यातल्या मीटरच्या तपासणीची तारीख काय, हा एक ओळीचा अर्जही मोठं काम करतो.

सणांच्या सवलतीबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य रात्री १० ते १२ ची मुभा देऊ शकतं. ती मुभा वेळेची आहे, डेसिबलची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते, ही अट त्या रात्रीही लागू असते. परवानगीच्या कागदावर हा आकडा ठळक छापावा, एवढं जरी तुमच्या पोलीस ठाण्याने मान्य केलं तरी मंडळाशी बोलणं सोपं होतं. पोरांना आकडा दिला की ती ऐकतात, हा माझा अनुभव आहे. "आवाज कमी करा" याला ती ऐकत नाहीत, कारण कमी म्हणजे किती हे कुणीच सांगितलेलं नसतं.

सोसायटीतले काही जण नाव पुढे येईल म्हणून सही करायला घाबरत असतील, तर त्यांना २३ जानेवारी २०२५ चा उच्च न्यायालयाचा निकाल सांगा. कुर्ल्याच्या नेहरूनगर-चुनाभट्टी भागातल्या रहिवासी संस्था गेल्या होत्या. तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी आणि ओळख कळलीच तर आवाज करणाऱ्याला सांगू नये, असं त्यात स्पष्ट आहे. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, हेही त्यातच म्हटलंय. तुमच्यासारख्याच साध्या सोसायट्यांनी मिळवलेला निकाल आहे तो.

शिक्षेबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगतो. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद एप्रिल २०२४ पासून गेली, आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. पण तो ठरवणारा अधिकारी केंद्रातला सहसचिव किंवा राज्यातला सचिव दर्जाचा. गल्लीतल्या रात्री दोनच्या डीजेसाठी उपयोगी पडतो तो महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ३८, ज्याखाली पोलीस त्रासदायक आवाज थांबवायला लावू शकतात. निवेदनाची एक प्रत पोलीस आयुक्तांना द्यायची ती म्हणूनच, शिवाय या नियमांखालचे प्राधिकारीही तेच.

तेव्हा निवेदन एक नको, तीन करा: वॉर्ड ऑफिसला बांधकामाच्या अटींचं, पोलिसांना परवानगीच्या कागदाचं आणि मीटरचं, पर्यावरण विभागाला क्षेत्राच्या वर्गवारीचं आणि शांतता क्षेत्राचं. प्रत्येकी एक पान. सोबत दहा रात्रींची नोंद जोडा: तारीख, किती ते किती वाजता, कसला आवाज, कोणत्या खिडकीतून ऐकू आला. मोबाइलच्या ॲपमधले आकडे त्यात लिहू नका, फोनचा माइक तपासलेला नसतो आणि एका चुकीच्या आकड्यामुळे उरलेली नोंदही बाजूला पडते. वेळा मात्र मिनिटाबरहुकूम लिहा. क्षेत्र निवासी की व्यापारी, याचा काही कागद हाती लागला तर इथेच खाली लिहा, वर्गवारीच्या निवेदनातला मजकूर मी बघून देईन.