सॉफ्टबॉलच्या निवड चाचणीला जाताय?

मुलीची जिल्हा संघाची चाचणी तीन आठवड्यांवर असेल तर आधी ग्लोव्हकडे बघा. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, त्यात चेंडू थांबत नाही, उसळून बाहेर पडतो. रोज पन्नासेक चेंडू त्यात झेलायचे आणि रात्री आत चेंडू ठेवून दोरीने घट्ट बांधायचा. उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. दुकानात हीच गफलत सर्रास होते.

आपल्याकडच्या बऱ्याच मुली क्रिकेटमधून येतात आणि सवयीने बॅट खाली धरून उभ्या राहतात. इथे बॅट खांद्यामागे वर हवी, फटका साधारण आडवा, आणि त्याची ताकद कमरेच्या वळणातून येते. नुसत्या हातांनी मारलं की चेंडू वर उडून सोपा झेल जातो. टी-वर (कमरेइतक्या उंच उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून रोज 40 फटके पुरेत.

जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला गुडघे वाकवून, ग्लोव्ह आधीच मातीला टेकवून सामोरं जा. ग्लोव्ह वरून खाली आणायला गेलात की चेंडू खालून निसटतोच.

होम (जिथून फटका मारतात ती जागा) ते पहिला बेस (फटक्यानंतर धावत गाठायचा पहिला टप्पा) 60 फूट. बेसजवळ वेग कमी करू नका, त्यावरून सरळ पुढे धावत जा. पहिल्या बेसवर याची मुभा असते. निम्म्या मुली इथेच सेकंद गमावतात.

शाळेचा बोनाफाईड, वयाचा दाखला, पाणी आदल्या रात्रीच पिशवीत. पालकांनी कुंपणाबाहेरून सूचना ओरडू नयेत, प्लीज!